सही एकाची, काम दुसऱ्याचे: कंत्राटदार संघटनांचे विवेचन

इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत शेड उभी राहते तेव्हा फलकावर मोजकी नावे असतात: कारखान्याचे, वास्तुविशारदाचे आणि मुख्य कंत्राटदाराचे. प्रत्यक्ष साइटवर मात्र सात-आठ जणांचे धंदे एकमेकांत अडकलेले असतात. खोदाई तालुक्यातल्याच कोणाच्या पोकलेनवर होते, सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्याच्या असतात, सळई बांधणारे फिटर तिसऱ्याचे, सांगाडा उभारणारी टोळी परप्रांतातली, पाण्याचे टँकर आणि मुरमाचे हायवा चौथ्या-पाचव्याचे. यातल्या बहुतेकांकडे करारनामा नसतो. असतो तो फोनवर ठरलेला दर आणि वहीतल्या उचली. कंत्राटदारांच्या संघटना कशा घडतात, कोणाचे हित पाहतात आणि कोणाला बाहेर ठेवतात, हे या साखळीवरून चांगले कळते. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्याकडच्या संघटना करारावर ज्याची सही असते त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आहेत. काम करणारा आणि सही करणारा एकच असता तर यात गैर काही नव्हते.

संघटनेचे दोन तोंडांचे सभासद

व्यावसायिक संघटना म्हणजे एकमेकांचे स्पर्धक असलेल्यांनी समान हितासाठी केलेली जूट. कंत्राटदाराचे समान हित पाच जणांशी जोडलेले असते: काम देणारा मालक किंवा सरकारी खाते, कर घेणारे शासन, सिमेंट-स्टीलचे पुरवठादार, कामगार आणि काम ज्याला पोटाला दिले जाते तो उपकंत्राटदार. पहिल्या तिघांपुढे सगळे कंत्राटदार एका बाजूला असतात. बिल लवकर मिळावे, कर कमी असावा, सिमेंट स्वस्त व्हावे, यावर कोणाचे दुमत होत नाही. शेवटच्या दोघांपुढे तोच सभासद देणेकरी होतो. वरच्याकडे तो हात पसरतो आणि खालच्याला 'बिल आलं की देतो' म्हणून थांबवतो. म्हणून संघटना वरच्या बाजूचे निवेदन घेऊन मंत्रालयात जाते आणि खालच्या बाजूचा विषय बैठकीच्या पत्रिकेवर येत नाही. यात कोणाची लबाडी शोधण्याची गरज नाही. रचनाच तशी आहे.

बांधकाम व्यावसायिक म्हणजे बिल्डर आणि कंत्राटदार यांचीही गल्लत होते. जमीन घेऊन सदनिका विकणाऱ्यांची संघटना क्रेडाई, आणि तिची शाखा पुण्यातही आहे. विकासक हा मालकाच्या बाजूचा, कंत्राटदार त्याच्याकडून पैसे घेणारा. बारामतीत एकच माणूस स्वतःची सोसायटीही बांधतो आणि पंचायत समितीची कामेही करतो, म्हणून हा भेद पुसट होतो. हितसंबंध मात्र वेगळेच राहतात.

पुण्यात सुरुवात

या विषयाचा भारतीय इतिहास पुण्यापासूनच सुरू करावा लागतो. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही कंत्राटदारांची देशपातळीवरची जुनी संघटना १९४१ साली पुण्यात स्थापन झाली. तिचे सुरुवातीचे सभासद लष्करी अभियांत्रिकी सेवेची, म्हणजे एमईएसची कामे घेणारे कंत्राटदार होते. पुढे तिचे मुख्यालय मुंबईला गेले आणि देशभर शाखा झाल्या. अमेरिकेतली असोसिएटेड जनरल काँट्रॅक्टर्स ही संघटनाही १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात निघाली. हा योगायोग वाटत नाही. युद्धात पैसे देणारा एकच असतो, अटींचा नमुना एकच असतो आणि अडवणूक झाली तर सगळ्यांची एकाच टेबलावर होते. पैसे देणारा एक आणि घेणारे अनेक असले की संघटना आपसूक उभी राहते. पैसे देणारे विखुरलेले असले की उभी राहत नाही, राहिली तरी टिकत नाही. लोणी देवकरच्या उपकंत्राटदाराची अडचण इथेच आहे: त्याचे देणेकरी दहा गावांत पसरलेले दहा मुख्य कंत्राटदार असतात.

बिल्डर्स असोसिएशनने काय मिळवले, याची दोन उदाहरणे पुरेत. पहिले सिमेंटचे. कंपन्या संगनमताने पुरवठा आणि किंमत ठरवतात अशी तक्रार या संघटनेने २०१० साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. जून २०१२ मध्ये आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सिमेंट उत्पादकांच्या संघटनेलाही दोषी धरले. २०१५ मध्ये अपिलात तो आदेश रद्द झाला, २०१६ मध्ये आयोगाने नव्याने सुनावणी घेऊन पुन्हा दंड लावला, २०१८ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एका गोणीमागे चार-दहा रुपयांसाठी एकटा कंत्राटदार एवढी वर्षे लढू शकला नसता. गावातल्या दुकानातून सिमेंट उचलणाऱ्या गवंड्याचाही या लढ्यात फायदा होता आणि त्याने संघटनेला एक रुपया वर्गणी दिली नव्हती, हेही ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे कारण येते.

दुसरे उदाहरण वस्तू व सेवा कराचे. १ जुलै २०१७ ला कर लागू झाला तेव्हा सरकारी कामांच्या कंत्राटावर १८ टक्के दर होता. जुन्या दराने निविदा भरलेल्या कंत्राटदारांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये जीएसटी परिषदेने सरकारी कामांचा दर १२ टक्क्यांवर आणला. १८ जुलै २०२२ पासून तो परत १८ झाला. निवेदनाने मिळवलेली सवलत अधिसूचनेने जाते. वरच्या संघटनेचे बहुतेक काम असे असते. तालुक्यातल्या माणसाला ते दिसत नाही, पण त्याच्या बिलात उतरते.

वर्गणी का भरायची?

सगळ्यांना मिळणारा लाभ कोणी स्वतःच्या खिशातून विकत घेत नाही. मॅन्कर ऑल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली हीच गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली: ज्या संघटनेकडे फक्त सभासदालाच देता येईल असे काहीतरी असते तीच टिकते. महाराष्ट्रात या कसोटीला उतरणारी एक देशी संस्था आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ती सापडणार नाही, पण प्रत्येक जिल्ह्यात तिचे कार्यालय आहे. ती म्हणजे मजूर सहकारी संस्थांचा जिल्हा संघ, ज्याला सगळे 'लेबर फेडरेशन' म्हणतात.

सार्वजनिक बांधकाम खाते आणि जिल्हा परिषदेच्या ठरावीक मर्यादेच्या आतल्या कामांचे वाटप दीर्घकाळ तीन वाट्यांत होत आले: ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि ३४ टक्के खुल्या कंत्राटदारांना. कामवाटप समिती बसते, यादी निघते, आणि संस्थेला काम मिळायचे तर ती संघाची सभासद असावी लागते, शिफारस संघाची लागते. इथे वर्गणीसाठी कोणाला आर्जव करावे लागत नाही. सहकाराचा मूळ हेतू असा, की माती-दगडाचे काम करणाऱ्यांनी मधला ठेकेदार वगळून स्वतःच काम घ्यावे आणि नफा आपसात वाटावा. वडार समाजासारख्या पिढ्यान्‌पिढ्या खाणीत आणि बंधाऱ्यावर राबलेल्या लोकांसाठी ही कल्पना मोलाची होती.

प्रत्यक्षात काय झाले ते ग्रामीण महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकाला सांगायला नको. अनेक संस्थांच्या सभासद यादीत मजूर नावापुरते राहिले आणि संस्था कोणातरी पुढाऱ्याच्या कपाटात गेली. काम संस्थेच्या नावावर, सही चेअरमनची, आणि राबणारा पुन्हा पोटकंत्राटदारच, ठरावीक टक्का सोडून. ठेकेदार वगळण्यासाठी काढलेली संस्था ठेकेदाराचा परवाना झाली. तरीही या संस्था मोडीत काढाव्यात असे मला वाटत नाही. लहान काम राबणाऱ्या मजुराला राखून ठेवणारी दुसरी कोणतीही चौकट आपल्याकडे नाही, आणि ती गेली तर पाच लाखांची गटार बांधायलाही जिल्ह्याबाहेरचा कंत्राटदार येईल.

थकलेली बिले आणि पेटलेली संघटना

दुसऱ्या प्रकारची संघटना संकटात जन्मते. राज्य कंत्राटदार महासंघ आणि अभियंत्यांची संघटना गेल्या काही वर्षांत चर्चेत आली ती थकबाकीमुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कामे बंद ठेवण्याची हाक दिली गेली तेव्हा सर्व खात्यांकडे मिळून सुमारे ८९ हजार कोटी रुपये अडकल्याचा संघटनांचा दावा होता. आकड्यावर वाद घालता येईल. पण ३१ मार्चच्या आठवड्यात इंदापूर किंवा बारामतीच्या उपविभागीय कार्यालयाबाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या कंत्राटदारांना बीडीएसवर, म्हणजे शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी पडला की नाही, एवढा एकच प्रश्न असतो.

बिल कसे झिजते ते जवळून पाहू. समजा, अंदाजपत्रक १०० रुपयांचे आहे. स्पर्धेपायी निविदा २० टक्के 'बिलो' भरली जाते, राहिले ८०. दहा टक्क्यांहून खाली गेल्यामुळे खाते जादा सुरक्षा ठेव मागते, ती कंत्राटदार घरातून किंवा पतसंस्थेतून उभी करतो. मग तो काम दहा टक्के कापून पोटाला देतो: ७२. उपकंत्राटदाराच्या रनिंग बिलातून पाच टक्के अनामत आणि एक टक्का आयकर कपात जाते, हातात सुमारे ६८. मुरूम-खडीला ब्रासमागे ६०० रुपये स्वामित्वधन आहे, आणि पावत्या नसल्या तर ते बिलातून वजा होते, तेही खालीच ढकलले जाते. दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत अनामत अडकून राहते. ग्रामसडक योजनेत तो काळ पाच वर्षांचा आहे. पाच वर्षांत मुख्य कंत्राटदाराला अनामत परत मिळते. उपकंत्राटदाराला ती मिळाली का, याची नोंद कोणत्याच कार्यालयात नसते.

संघटनेचे आंदोलन या पायऱ्यांपैकी पहिल्या दोनच पायऱ्यांवर होते. खात्याने बिल द्यावे ही मागणी रास्त आहे. पण ते बिल खाली किती दिवसांत झिरपावे याची मागणी कोणत्याच फलकावर नसते.

नाव नसलेला माणूस

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवन मिशनचे काम केलेल्या एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. संघटनांनी थकीत बिलाकडे बोट दाखवले. सरकारकडून उत्तर आले ते असे, की त्याच्या नावाचे बिल खात्याकडे प्रलंबितच नव्हते, त्याने उपकंत्राट घेतले असावे. कागदाच्या हिशेबाने हे उत्तर बिनतोड होते, आणि म्हणूनच ते भयंकर होते. या लेखाचा सगळा मुद्दा त्या एका खुलाशात मावतो.

सरकारी करारात लेखी परवानगीवाचून काम दुसऱ्याला देण्यास मनाई असते. ही अट कोणी पाळत नाही हे अभियंत्याला, कंत्राटदाराला आणि गावालाही ठाऊक असते. पण अट आहे म्हणून उपकंत्राट लपवावे लागते, लपवले म्हणून लेखी करता येत नाही, आणि लेखी नाही म्हणून मागता येत नाही. मेजरमेंट बुकात मोजमाप मुख्य कंत्राटदाराच्या नावाने चढते. पाइप गाडणाऱ्याने शंभर मीटर जास्त गाडले की कमी, हे त्याच्या वहीत आणि त्याच्या स्मरणात राहते.

कायद्याची बाजूही तोकडी पडते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ मध्ये लहान पुरवठादाराला ४५ दिवसांत पैसे देण्याची सक्ती आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज आहे, आणि दाद मागायला सुविधा परिषद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र 'वर्क्स काँट्रॅक्ट', म्हणजे साहित्य आणि श्रम मिळून केलेले बांधकाम, या तरतुदीत बसत नाही अशी भूमिका घेतली आहे. उद्यम नोंदणी काढून निर्धास्त बसलेल्या सेंट्रिंगवाल्याला हे कोणीतरी वेळेत सांगायला हवे. निव्वळ प्लेटा भाड्याने देणारा किंवा निव्वळ माल पुरवणारा असेल तर त्याची बाजू पुष्कळ बरी. साहित्यासह काम अंगावर घेणाऱ्याची कच्ची. शिवाय मुदत कायद्याप्रमाणे कामाच्या पैशांचा दावा काम झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. 'वरून बिल आलं की देतो' यात तीन वर्षे सहज निघून जातात. मुख्य कंत्राटदाराने या काळात सही करून बाकी मान्य केली असेल तर मुदत नव्याने मोजली जाते. एका सहीचा हा फरक वकिलाकडे गेल्यावर कळतो, तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न संघटनांच्या आग्रहाने कायद्यापर्यंत गेला. मायकेल लॅथम यांच्या १९९४ च्या अहवालानंतर १९९६ चा बांधकामविषयक कायदा झाला आणि 'मला मिळाले की तुला देईन' ही अट, वरचा देणेकरी दिवाळखोर झाल्याचा अपवाद सोडून, निष्प्रभ ठरली. वाद लागला तर अभिनिर्णायकाने अठ्ठावीस दिवसांत निकाल देण्याची सोयही त्यात आली. अमेरिकेत उपकंत्राटदारांची स्वतंत्र संघटना १९६६ पासून आहे, मुख्य कंत्राटदारांच्या संघटनेपासून वेगळी. वेगळी असणे हेच तिचे महत्त्व. आपल्याकडे सगळे एकाच छताखाली 'कंत्राटदार' म्हणून बसतात आणि त्या छताखाली देणेकरी अध्यक्ष असतो.

संघटनेचा दुसरा चेहरा

एवढे म्हटल्यावर उलट बाजूही सांगायला हवी. व्यवसायातले लोक एकत्र बसले की दर ठरवण्याचा मोह होतो. डिझेल वाढले की जेसीबी-पोकलेनवाले तासाचा नवा दर ठरवून व्हॉट्सॲप स्टेटसला लावतात. त्यांना तो न्याय्य वाटतो. स्पर्धा कायदा २००२ च्या नजरेत स्पर्धकांनी मिळून दर बांधणे ही कार्टेलच आहे, मग ती सिमेंट कंपन्यांची असो वा तालुक्यातल्या यंत्रमालकांची. फरक आकाराचा, आणि व्यवहारात दुसऱ्याकडे कोणी बघत नाही एवढाच. निविदेत 'रिंग' करणे याहून गंभीर. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत संगनमत झाल्याचे २०१८ मध्ये स्पर्धा आयोगाने एका नागरी संघटनेच्या तक्रारीवरून ठरवले आणि कंपन्यांना दंड केला.

औद्योगिक वसाहतीत आणखी एक रोग आहे. 'स्थानिकांना काम द्या' ही मागणी घेऊन एखादी संघटना गेटवर उभी राहते. भूमिपुत्राची जमीन गेली, त्याला माती-मुरमाचे काम मिळावे, यात चूक काय? पण दर बाजाराच्या दीडपट आणि दुसऱ्याची गाडी आत येऊ द्यायची नाही, असे झाले की ती संघटना उरत नाही, ती वसुली होते. चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या उद्योजकांच्या या तक्रारी पोलिसांपर्यंत आणि विधिमंडळापर्यंत गेल्या. लोणी देवकरची वसाहत अजून वाढायची आहे. तिथे ही सवय रुजली तर फटका पहिल्यांदा प्रामाणिक स्थानिक ठेकेदारालाच बसेल, कारण कारखानदार पुढच्या वेळी सगळे काम पुण्याच्या एकाच मोठ्या कंपनीला देऊन मोकळा होईल.

तालुक्याची संघटना कशी असावी

बारामती-इंदापूर पट्ट्यात कामाची वाण नाही. पाटसहून बारामती-इंदापूरमार्गे जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्ये बसली. अशा सुमारे १३० किलोमीटरच्या कामात मुख्य कंपनी बाहेरची आणि मोऱ्या, गटारे, भराव, दुभाजक हे तुकडे स्थानिकांच्या वाट्याला, हाच क्रम असतो. इथल्या उपकंत्राटदारांनी स्वतःची संघटना काढायची तर सोसायटी नोंदणी कायद्याला सात जण पुरतात. प्रश्न नोंदणीचा नाही, ऑल्सनने सांगितलेल्या त्या गोष्टीचा आहे: फक्त सभासदालाच देता येईल असे काय?

माझ्या मते ती गोष्ट म्हणजे कागद. संघटनेने मराठीत दोन पानी कार्यादेशाचा नमुना करावा: कामाचे वर्णन, दर, मोजमाप कोणी आणि कधी करायचे, अनामत किती आणि परत केव्हा, पैसे किती दिवसांत. सभासदाच्या कामाचे दर पंधरवड्याला संयुक्त मोजमाप होऊन दोघांच्या सह्या घ्याव्यात. बाकी राहिली तर दर आर्थिक वर्षाअखेर बाकी-मान्यतेचे पत्र घ्यावे, म्हणजे मुदतीचा प्रश्न सुटतो. कोणत्या मुख्य कंत्राटदाराने किती दिवसांत पैसे दिले याची नोंदवही कार्यालयात ठेवावी. तिच्यात मत लिहू नये, फक्त तारखा लिहाव्यात. बदनामीचा दावा तारखांवर सहसा टिकत नाही. संघटनेने दर ठरवू नयेत, काम कोणाला मिळावे हेही ठरवू नये. ती दोन्ही कामे हातात घेतली की वर्षभरात फूट पडते.

यात कामगारालाही जागा हवी. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर याच मंडळासाठी कापला जातो. पैसे जातात, दाखले मात्र फिरत्या मजुराला मिळत नाहीत, कारण उपकंत्राटदार स्वतःच कागदावर नसतो. तो कागदावर आला तर त्याच्या टोळीतला गवंडी आणि बिगारीही येतो.

मुख्य कंत्राटदार हे का मान्य करील, अशी शंका निघेल. सगळे करणार नाहीत. पण चांगली सेंट्रिंग टोळी किंवा वेळेवर येणारा फिटर आज सहज मिळत नाही, आणि ज्याच्याकडे कुशल हात आहेत त्याला अटी घालता येतात. सुरुवात खाजगी शेडच्या कामापासून करावी, तिथे पोटकंत्राटावर बंदी नसते आणि लपवण्याचे कारणही नसते. सरकारी कामात मात्र शासनाने उपकंत्राटाला ठरावीक मर्यादेपर्यंत उघड परवानगी देऊन त्याचे नाव बिलासोबत जोडण्याची सोय करावी, ही मागणी राज्यपातळीवरच्या संघटनांनीच लावून धरायला हवी. थकबाकीच्या मोर्चात पुढे चालणारा उपकंत्राटदार त्यांना चालतो, तर त्याचे नाव कागदावरही चालायला हवे.

लोणी देवकर, पळसदेव, भिगवण, इंदापूर भागात जे कोणी सेंट्रिंग, फिटिंग, खोदाई, पाइपलाइनची कामे पोटाला घेतात त्यांना विनंती एवढीच: कोणत्याही संघटनेची पावती फाडण्याआधी पदाधिकाऱ्यांना विचारा, की माझा मुख्य कंत्राटदार तुमचाच सभासद निघाला आणि त्याने माझे पैसे अडवले, तर तुम्ही काय कराल? उत्तर लेखी मागा.